‘सर म्हणतात तसं’ कुठवर? : मैदानावरच्या मुलांबद्दल वाचकांचे प्रश्न

शाळा उघडल्या, पाऊस लागला की विदर्भातल्या गावोगावच्या मैदानांवर कबड्डी-खो-खोच्या शिट्ट्या वाजू लागतात. आधी तालुका, मग जिल्हा, मग अमरावती नाहीतर नागपूर विभाग. या मोसमाच्या तोंडावर खेळणाऱ्या मुलांच्या सुरक्षिततेबद्दल पत्रं मागवली होती. त्यातली काही निवडून, गाळून इथं देतो आहोत. लिहिणाऱ्यांची नावं मुद्दाम छापलेली नाहीत.

प्रश्न : मुलगी सातवीत आहे, कबड्डी खेळते. जिल्ह्याच्या स्पर्धेला निवड झाली. दोन रात्रींचा मुक्काम आहे. सर म्हणतात, ‘काळजी करू नका, मी आहे ना.’ आम्ही रोजमजुरीवाले, सोबत जाणं होत नाही. सरांना काय विचारावं? आणि विचारलेलं वाईट तर नाही दिसणार? – एक आई, ता. चिमूर

खुशाल विचारा. चांगल्या सरांना या प्रश्नांचा राग येत नाही, त्यांची उत्तरं तयार असतात.

पहिला प्रश्न : सोबत बाई कोण? नाव आणि फोन नंबर हवा, ‘कुणीतरी येईल’ नको. महिला खेळाडू असलेल्या पथकाबरोबर महिला प्रशिक्षक हवीच, असं भारतीय क्रीडा प्राधिकरणानं २०२२ मध्ये आपल्या खेळाडूंसाठी ठरवलं. मोठ्या खेळाडूंना जे लागतं ते बारा वर्षांच्या पोरीला लागत नाही, असं कोण म्हणेल? शाळेत शिक्षिका नसेल तर एखाद्या मुलीची आई, अंगणवाडी ताई, आशाताई चालेल. एसटीत बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. तिची दोन-तीन दिवसांची बुडालेली मजुरी सगळ्या घरांनी मिळून भरून द्यावी. ही व्यवस्था नेमकी इथंच अडते. बाई यायला तयार असते, पण तिचा रोज कोण देणार हे कुणी बोलत नाही, आणि मग ती येत नाही.

दुसरा : झोपायची खोली. मुक्काम बहुतेक एखाद्या शाळेच्या वर्गात असतो. तिथं आतून कडी नसते, खिडक्यांना पडदे नसतात. मुलींच्या सामानात दोन जुन्या साड्या, सुतळी, कडी नसलेलं दार आतून बांधायला जाड दोरी, एक टॉर्च आणि एक बादली द्या. सोबतची बाई मुलींच्याच खोलीत झोपेल, सर दुसऱ्या खोलीत. खोलीची किल्ली बाईजवळ. संडास मैदानाच्या टोकाला असला तर रात्री तिघी-तिघींनी जायचं, एकटीनं नाही.

तिसरा प्रश्न सहसा कुणाला सुचत नाही : परतल्यावर घरी कोण सोडणार? गाडी रात्री नऊ-दहाला फाट्यावर पोचते. सर भल्या मनानं एकेकीला मोटारसायकलवर घरी सोडतात, आणि शेवटची मुलगी अंधाऱ्या रस्त्यानं एकटी त्यांच्या मागे बसलेली असते. सरांच्या मनात काही वाकडं असेल असं आम्ही म्हणत नाही. पण ही वेळ येऊच द्यायची नाही. सगळ्यांनी ठरवून फाट्यावर किंवा शाळेत घ्यायला यायचं, आणि शेवटच्या मुलीचे घरचे येईपर्यंत दुसऱ्या एका मुलीच्या घरच्यांनी थांबायचं.

रोज संध्याकाळी आठला बाईच्या फोनवरून बोलणं ठरवून घ्या. मुलीशी एक खुणेचं वाक्यही ठरवा. ‘बकरी बांधली का?’ असं तिनं विचारलं की समजायचं, तिला तिथं राहायचं नाही, कारण नंतर विचारू, आधी निघायचं. फोनवर बोलताना आजूबाजूला माणसं असतात. मुलीला ‘मला भीती वाटते’ म्हणता येत नाही, बकरीचं विचारता येतं.

आता वाईट दिसण्याबद्दल. टीममधून काढतील ही तुमची भीती खोटी नाही. निवड सरांच्या हातात, फॉर्मवर सही सरांची, पुढं दहावीचे क्रीडा गुण आणि नोकरीतलं खेळाडूंचं पाच टक्के आरक्षण त्या प्रमाणपत्रांच्या भरवशावर. एवढा जोर ज्याच्या हातात, त्याला एकट्या आईनं जाऊन विचारू नये. पाच-सहा पालकांनी मिळून शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत विचारावं आणि उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्यावी. मग ते तुमचं भांडण राहत नाही, शाळेचा नियम होतो.

प्रश्न : गावातल्या तालमीत वस्ताद सराव झाल्यावर पोरांची मालिश स्वतः करतात, कधी घरी बोलावूनही. माझा मुलगा चौदाचा. मला खटकलं, तर लोक म्हणाले, पोरगी थोडीच आहे! – एक वडील, ता. दारव्हा

तुम्हाला खटकलं ते बरोबर खटकलं. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयानं २००७ साली देशातल्या मुलांवरच्या अत्याचारांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ५३.२२ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगितलं होतं, आणि त्या मुलांत निम्म्याहून जास्त मुलगे होते. ‘पोक्सो’ म्हणजे बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायदा २०१२ मुलगा-मुलगी असा भेद करत नाही. अठराच्या आतलं प्रत्येक जण त्यात मूल आहे.

मालिश, दुखणं पाहणं, माप घेणं, वजन करणं ही चार कामं अशी की त्यात अंगाला हात लावायला कारण मिळतं. अमेरिकेत लॅरी नॅसार नावाचा जिम्नॅस्टिक्स संघाचा डॉक्टर वर्षानुवर्षं ‘उपचार’ म्हणून मुलींवर अत्याचार करत राहिला. काही वेळा तर आई-वडील त्याच खोलीत बसलेले असत. २०१८ मध्ये त्याला शिक्षा झाली तेव्हा दीडशेहून जास्त जणींनी कोर्टात उभं राहून सांगितलं. इतकी वर्षं कुणाला कळलं कसं नाही? कारण डॉक्टर करतो तो उपचारच असणार, असं सगळे धरून चालले होते.

तालमीसाठी सोपा नियम असा. मालिश पोरांनी आपली आपण करावी, नाहीतर जोडीदारानं, आखाड्यातच, सगळ्यांसमोर, लंगोट किंवा चड्डी घालून. वस्तादानं तोंडानं सांगावं, हात लावू नये. डाव शिकवताना पकड दाखवावीच लागते. ती उजेडात, दोन-चार जणांसमोर दाखवावी, ‘आता कमरेला धरतो’ असं आधी सांगून. मांडी-जांघ दुखत असेल तर बर्फ कापडात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं, आणि दोन दिवसांत उतरलं नाही तर ग्रामीण रुग्णालय. घरी बोलावणं तर आजपासूनच बंद. वस्ताद साधा माणूस असेल तर त्याचं यात काही जात नाही. उलट उद्या कुणी खोटा आळ घेतला तर हाच नियम त्याला वाचवतो.

टीमच्या ड्रेसचं माप शिंप्यानं घ्यावं, मुलींचं शिवणकाम करणाऱ्या बाईनं. वजन चड्डी-बनियनवर किंवा टी-शर्टवर, उघड्या पडवीत. कपड्यांचं वजन वेगळं करून वजा करता येतं, त्यासाठी कुणाला कपडे उतरवायला लावायची गरज नाही.

प्रश्न : आमचं क्रीडा मंडळ गावात फुकट खो-खो शिकवतं. प्रशिक्षक बाहेरगावचा, मानधनावर आहे. त्याची पोलीस पडताळणी आमच्यासारख्या लहान मंडळालाही लागते का? – मंडळाचे सचिव, ता. रिसोड

लागते. पोक्सोच्या २०२० च्या नियमांत मुलांशी नेहमी संबंध येणाऱ्या संस्थांमध्ये शाळा, पाळणाघरांबरोबर क्रीडा अकादमींचं नाव स्पष्ट आहे. शिकवणारा, न शिकवणारा, कायम, कंत्राटी अशा सगळ्यांची पडताळणी, तीही एकदाच नाही तर ठराविक काळानं. मैदानाची झाडझूड करणारा आणि मुलांना ने-आण करणारा गाडीवालाही यात आला. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावरून चारित्र्य पडताळणीचा अर्ज करता येतो. ते जमत नसेल तर पोलीस ठाण्यात जाऊन अर्ज कसा करायचा ते विचारा.

पण त्या कागदावर फार विसंबू नका. त्यात नोंदलेले गुन्हे दिसतात. जिथं गावानं मिटवून टाकलं आणि माणसाला ‘गुपचूप निघून जा’ म्हणून सांगितलं, तिथलं काहीच दिसत नाही. असा माणूस शंभर किलोमीटरवर जाऊन पुन्हा शिट्टी गळ्यात अडकवतो. म्हणून त्यानं याआधी जिथं शिकवलं त्या दोन ठिकाणी तुम्ही स्वतः फोन करा. नंबर त्यानं दिलेला नको, शाळेचा किंवा मंडळाचा शोधून काढा. एकच प्रश्न विचारा : ‘याला पुन्हा मुलांवर ठेवाल का?’ समोरचा जरा थांबला तरी कळतं.

नेमताना एका पानावर अटी लिहून सही घ्या. मुलाला एकट्याला खोलीत, गाडीवर, घरी न्यायचं नाही. मुलांशी फोन-व्हॉट्सॲप वैयक्तिक नाही, पालक असलेल्या ग्रुपवरच. शिवी नाही, मारणं नाही. गिफ्ट, बूट, मोबाइल मंडळामार्फत, स्वतः एखाद्याला नाही. शेवटची अट लोकांना कठोर वाटते, गरीब पोराला बूट घेऊन दिले तर बिघडलं कुठं? बिघडतं ते असं की मूल मिंधं होतं. मुलांना जाळ्यात ओढणारी माणसं सुरुवात बहुधा अशाच उपकारानं करतात : एकाला निवडायचं, त्याला वस्तू द्यायच्या, ‘तुझ्यात दम आहे, बाकीच्यांना सांगू नको’ म्हणायचं, मग जास्तीचा सराव एकट्याचा. बूट घ्या, जरूर घ्या, पण मंडळाच्या पावतीवर.

प्रश्न : मी शिक्षिका आहे. नववीतल्या मुलीनं खेळाच्या सरांबद्दल मला रडत सांगितलं. मुख्याध्यापक म्हणतात, आधी आपण चौकशी करू. गावातले म्हणतात, तंटामुक्तीत बसून मिटवू, पोरीची बदनामी नको. मी काय करू? – नाव-गाव नको

पोलिसांना कळवा, आजच. ‘आधी चौकशी’ हा पर्याय कायद्यानं ठेवलेलाच नाही.

पोक्सोच्या कलम १९ प्रमाणे असा गुन्हा झाला, किंवा होईल अशी शंका आली, तरी ज्याला कळलं त्यानं पोलिसांना कळवायचंच आहे. तुम्हाला काही सिद्ध करायचं नाही, तपास त्यांचा. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. संस्थाप्रमुखानं आपल्या हाताखालच्या माणसाबद्दलची माहिती दाबली तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. हे मुख्याध्यापकांना वाचून दाखवा, बहुतेक वेळा तेवढ्यानं काम होतं. चांगल्या हेतूनं कळवणाऱ्यावर दिवाणी-फौजदारी काही लागत नाही, तेही त्याच कलमात आहे.

तंटामुक्ती समिती धुऱ्याचे, पाण्याचे, भावाभावांचे वाद मिटवते. २००७ पासून त्या मोहिमेनं गावागावांत पुष्कळ भांडणं कोर्टाबाहेर संपवली, हे खरं. पण मुलावरचा लैंगिक अत्याचार हा दोन घरांतला तंटा नाही. तो मिटवायचा अधिकार समितीला नाही, सरपंचाला नाही, मुलीच्या आई-बापालाही नाही. बैठकीत बसणाऱ्या प्रत्येकाला गुन्हा कळलेला असतो, म्हणजे कळवायची जबाबदारी त्या प्रत्येकावर येते. समितीत बसायला निघालेल्यांना एवढं सांगून पाहा.

आता क्रमानं. मुलीनं जे सांगितलं ते तिच्याच शब्दांत लिहून ठेवा, तारीख, वेळ, जागा घालून. तिनं वऱ्हाडीत सांगितलं तर वऱ्हाडीतच. तिनं वापरलेला शब्द सुधारून ‘अश्लील वर्तन’ असं काही लिहू नका, पुढं कोर्टात तिचा आणि तुमचा शब्द जुळत नाही. ‘मग त्यानं इथं हात लावला का?’ असे उत्तर सुचवणारे प्रश्न विचारू नका. ‘मग काय झालं?’ एवढंच पुरे. परत परत सांगायला लावू नका. ‘कुणालाच सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, ते पाळता येत नाही. ‘ज्यांना सांगितल्यानं तू सुरक्षित राहशील, तेवढ्यांनाच सांगेन’ म्हणा. आणि ‘तू सांगितलंस ते बरं केलंस’ हे नक्की म्हणा.

घटना अगदी ताजी असेल, दोन-तीन दिवसांतली, तर तपासणी होईपर्यंत अंघोळ नको आणि ते कपडे धुवायचे नाहीत. वाळवून कागदी पिशवीत ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल राहते, पुरावा सडतो. मोबाइलवर मेसेज असतील तर खोडू नका. त्या सरांना जाब विचारायला कुणीही जाऊ नये, भाऊ-काका तर नाहीच. जाब विचारला की मेसेज पुसले जातात, साक्षीदारांना फोन जातात.

पोलीस ठाणं कुठलंही चालतं. हद्द आपली नसली तरी गुन्हा नोंदवून पुढं पाठवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक आणि ११२ चोवीस तास चालू असतात. तक्रार लिहून घेतली जाते, वाचून दाखवली जाते, प्रत फुकट मिळते. मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा तिला बरं वाटेल तिथं, शक्यतो महिला उपनिरीक्षकांनी घ्यायचा असतो, आणि पोलिसांनी वर्दीत यायचं नसतं. रात्री मुलाला ठाण्यात थांबवता येत नाही. वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरनं, विश्वासातलं माणूस जवळ असताना. उपचार सरकारी असो की खासगी, दवाखान्यानं फुकट करायचे आहेत. चोवीस तासांत पोलिसांनी बालकल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचं असतं. समिती तुमच्या मागणीवरून आधार व्यक्ती देऊ शकते, जी कोर्टाच्या वाऱ्यांत मुलीसोबत राहते. तालुक्याहून जिल्ह्याला जाणाऱ्या घराला ती फार उपयोगी पडते, म्हणून मागा. आर्थिक मदतीसाठी मनोधैर्य योजना आहे. अर्जाचं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विचारा, तिथं वकीलही मोफत मिळतो.

बदनामीचं म्हणाल, तर मुलीचं नाव, फोटो, शाळा, गाव, ज्यावरून ओळख पटेल असं काही छापणं-पसरवणं गुन्हा आहे. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणाराही त्यात सापडतो.

शाळेत २०२२ पासून सखी सावित्री समिती, म्हणजे मुला-मुलींच्या सुरक्षिततेसाठीची समिती, असायला हवी. तिची बैठक घ्यावी, पण तिची वाट पाहत तक्रार थांबवू नये. आणि तोवर ते सर मैदानावर नकोत. त्यांना मुलांपासून दूर ठेवायला गुन्हा सिद्ध व्हावा लागत नाही. मुलीला मात्र घरी बसवू नका. शिक्षा तिला झाली असं तिला वाटतं, आणि बाकीच्या पोरी गप्प बसायला शिकतात.

प्रश्न : उशिरा आल्याबद्दल सरांनी पोराला पाचशे उठाबशा काढायला लावल्या. दुसऱ्या दिवशी पाय वाकेना. खेळात एवढं चालायचंच ना? – आजोबा, ता. मूल

आजोबा, लघवीचा रंग पाहिला का? सवय नसताना शेकड्यानं उठाबशा काढल्या की मांडीचे स्नायू फुटतात, त्यांतला पदार्थ रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडात जाऊन बसतो. एक ते तीन दिवसांत मांड्या सुजून कडक होतात आणि लघवी कोऱ्या चहासारखी काळपट होते. तसं दिसलं तर त्याच तासाला दवाखाना. दुखण्यावर डायक्लोफेनॅकची गोळी किंवा सुई घेऊ नका, मूत्रपिंडावर आणखी भार पडतो. लघवी साफ असेल, पाय रोज थोडे थोडे सुटत असतील तर पाणी भरपूर, विश्रांती, आणि आठवडाभर पळणं बंद.

चालायचंच का? नाही. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही बंद केलेत. व्यायाम हीच शिक्षा केली की पोरं व्यायामालाच कंटाळतात, हे तोट्याचं वेगळंच. उशिरा आलेल्याला त्या दिवशीच्या सामन्यात बाहेर बसवा, त्याला तेवढं पुरतं.

प्रश्न : मुलीची सिकलसेल तपासणी झाली, एएस निघाली. ती धावते, पण मध्येच पाय गळाले म्हणते. सर म्हणतात, नाटकं आहेत. खेळ बंद करावा का? – एक पालक, ता. कुरखेडा

बंद करू नका, पण सरांना तो रिपोर्ट आजच दाखवा. गडचिरोली-चंद्रपूरकडच्या प्रत्येक क्रीडाशिक्षकाला हे माहीत असायला हवं.

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार, आणि एएस म्हणजे त्याचा वाहक. रोज त्रास नसतो, आयुष्य नेहमीसारखं जातं. पण उन्हात, पाणी कमी, तापातून उठलेलं अंग, आणि दमडीची विश्रांती न देता एकामागून एक जोरात धावा, असं सगळं एकदम आलं तर लाल पेशी विळ्यासारख्या वाकून स्नायूंचा रक्तपुरवठा अडवतात. असं पोर कधी कधी पहिल्या दहा-पंधरा मिनिटांतच खाली बसतं. ओळखायची खूण अशी : उन्हाच्या गोळ्यात स्नायू दगडासारखा घट्ट होऊन माणूस ओरडतो. यात स्नायू बोटाला मऊ लागतो, पण ताकद गेलेली असते, मूल शुद्धीवर असतं आणि ‘पाय उचलत नाही’ म्हणतं. सरांना ते नाटक वाटतं आणि ते आणखी एक फेरी मारायला लावतात. जीव जातो तो त्या फेरीत.

म्हणून एएस मुलाला तीन गोष्टी. मोसमाच्या सुरुवातीला दोन-तीन आठवडे हळूहळू वाढवत न्यायचं, पहिल्याच दिवशी वेळ लावून धावायचं नाही. दोन धावांच्या मध्ये पूर्ण दम परत येईस्तोवर थांबायचं. आणि ते थांबतो म्हणालं की प्रश्न न विचारता थांबू द्यायचं. सावलीत, पाणी देऊन काही मिनिटांत बरं वाटलं तर त्या दिवसापुरतं पुरे. वाटलं नाही तर १०८ लावा आणि ‘सिकलसेल वाहक आहे’ हे आधी सांगा. नाहीतर साधी ऊन लागल्याची केस समजून वेळ जातो.

एसएस म्हणजे आजारी मुलांचं वेगळं आहे. त्यांनी किती आणि काय खेळायचं ते डॉक्टरांनी ठरवावं. थंड पाण्यात डुंबणं, दमेस्तोवर पळणं टाळायचं, ताप आला तर वाट न पाहता दवाखान्यात न्यायचं. चेंडूफेक, कॅरम, बुद्धिबळ, टीमचा गुणलेखक, ही मुलं मैदानावर राहिली पाहिजेत. तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट होते. मोसमापूर्वी सगळ्या टीमची करून घ्या. यादी मात्र सरांजवळ आणि पालकांजवळ. फळ्यावर लिहू नका, पोरीच्या लग्नापर्यंत गाव ती यादी विसरत नाही.

प्रश्न : गावात पोलीस भरतीची तयारी करणारे पोट्टे पहाटे हायवेवर पळतात. त्यात सोळा-सतराचेही आहेत. ॲकॅडमीवाला उन्हाळ्यात दुपारीही पळवतो, ‘सवय होते’ म्हणतो. – ता. आर्णी

सवय होते, पण सकाळच्या उन्हाची, आणि दहा-चौदा दिवसांत थोडी थोडी वाढवत नेऊन. मे महिन्यात दुपारी ४५ अंशांत सवय होत नाही, उष्माघात होतो. मूल बरळायला लागलं, तोल जाऊ लागला, अंग तापलं की ते उष्माघातच समजा. घाम येत असला तरीही. आधी थंड करा, मग दवाखान्यात न्या : सावलीत आडवं, कपडे सैल, विहिरीचं, टाकीचं, मिळेल ते पाणी डोक्यापासून पायापर्यंत ओतत राहा, वारा घाला, बर्फ असेल तर मान, काख, जांघेत. १०८ येईस्तोवर हे थांबवू नका. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. पॅरासिटामॉलचा इथं उपयोग नाही, खिशातल्या कांद्याचाही नाही. सराव सकाळी आठच्या आत संपवा. लहान मुलांना दर वीस मिनिटांनी पेलाभर पाणी, मागायची वाट न पाहता.

हायवेवर पळू नका. मैदान नसेल तर पांदण रस्ता, तलावाची पाळ, कापणी झालेलं वावर. दुसरा इलाजच नसेल तर रस्त्याच्या उजव्या कडेनं, समोरून येणारी गाडी दिसेल असं, एका ओळीत, पांढरे कपडे, पुढच्या-मागच्याच्या अंगावर चमकणारी पट्टी, कानात हेडफोन नाही. भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावायचं असतं. त्यासाठी रोज दहा-दहा किलोमीटर डांबरावर पळून नडगीची हाडं तडकवून घेण्यात काय हशील?

आणि अठराच्या आतल्या पोराला ॲकॅडमीत मुक्कामी ठेवत असाल तर वरची सगळी उत्तरं, पडताळणीपासून खोलीच्या कडीपर्यंत, त्या ॲकॅडमीलाही लागू. ‘ताकदीची सुई’ देतात असं कानावर आलं तर औषधाचं नाव लिहून मागा. नाव सांगत नाहीत तिथून मूल घरी आणा.

प्रश्न : कबड्डीच्या वजनगटात बसायला पोरं दोन दिवस जेवत नाहीत, प्लॅस्टिक गुंडाळून पळतात. – क्रीडाशिक्षक, ता. काटोल

बंद करा. अमेरिकेत १९९७ साली असंच वजन उतरवताना महिनाभरात तीन कॉलेज-कुस्तीगीर मेले. त्यानंतर तिथं रबरी सूट आणि वाफेच्या खोल्यांवर बंदी आली. दोन दिवसांत जातं ते पाणी, चरबी नाही, आणि वजनाच्या दोन टक्के पाणी गेलं तरी चढाईतला दम जातो. वजन जूनमध्येच करा आणि गट तेव्हाच ठरवा. वाढीच्या वयातल्या पोराला वरच्या गटात खेळवा. मुलींची पाळी दोन-तीन महिने चुकली तर खाणं कमी पडतंय असं समजून डॉक्टरला दाखवा.

प्रश्न : जिंकल्यावर मुलांचे फोटो स्टेटसला टाकतो. त्यात काय वाईट? – मंडळाचा कार्यकर्ता, ता. धारणी

टीमचा फोटो, कपडे नीट, पालकांना विचारून, जरूर टाका. एकट्या मुलीचा फोटो, त्याखाली नाव, वर्ग, गाव आणि ‘रोज पाचला सराव’, हे टाकू नका. त्यावरून अनोळखी माणूस तिला पाचला मैदानावर गाठू शकतो. मॅटवर पडलेल्या, कपडे सरकलेल्या मुलींचे व्हिडिओ कापून पसरवणारे असतात. सामना चित्रित करायचा असेल तर मंडळाच्या एकाच माणसानं करावा, लांबून, आणि बाकीच्यांना मॅटच्या रेषेजवळ मोबाइल घेऊन बसू देऊ नये.